युनताईंच्या भावाची सत्तरी

शिकागोला मी तीनदा गेले. पहिल्या दोन वेळा आम्ही तलाव पाहिला, उंच इमारतींच्या खाली उभं राहून माना दुखेपर्यंत वर पाहिलं, फोटो काढले आणि परत आलो. त्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्यांदा, २००५ च्या फेब्रुवारीत, मी एका कोरियन बाईंबरोबर त्यांच्या लोकांच्या वार्षिक जेवणाला गेले. नागपूरला परत आल्यापासून मैत्रिणी विचारतात, अमेरिकेत काय काय पाहिलंस. मला आधी ते जेवण आठवतं. पण ते एका वाक्यात सांगता येत नाही, आणि चहा संपेपर्यंतच्या वेळात तर नाहीच.

आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होतो. माझा नवरा मिलिंद गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. मी नागपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, तीन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन त्याच्यामागे गेले. माझ्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. पुढच्या वर्षी वर्क परमिट येईल, असं दर वर्षी वाटायचं. त्या तीन वर्षांत मी लायब्ररीतली फिजिक्सची सगळी पुस्तकं वाचली, गाडी शिकले आणि पोळ्या करताना न्यूटनचे नियम मोठ्यानं समजावून सांगायची सवय लावून घेतली. समोर कोणी नसायचं.

युनताईंची ओळख ब्लाउजमुळे झाली. आमच्या अपार्टमेंटजवळ त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं कपडे धुण्याचं आणि ऑल्टर करण्याचं दुकान होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घालायचा माझा ब्लाउज दंडात घट्ट झाला होता. युनताईंनी तो उलटा केला, शिवण बघितली आणि मान डोलावली. हे कोणी शिवलं, असं त्यांनी विचारलं. सीताबर्डीच्या शिंपीकाकांनी, म्हटलं. "चांगला माणूस," त्या म्हणाल्या. "आत कापड सोडून ठेवलंय."

मग समजलं की त्या बावीस वर्षं अमेरिकेत आहेत, पण नागरिकत्वाची मुलाखत द्यायची भीती वाटते. मी दर मंगळवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची तयारी करून घ्यायला लागले. ध्वजावर पट्टे किती, कायदे कोण करतं, वगैरे. मी त्यांना मिसेस युन म्हणायचे, पण साठीच्या बाईला नुसतं आडनावानं हाक मारताना जीभ अडखळायची, म्हणून एके दिवशी ताई म्हटलं आणि अर्थ सांगितला. "ऑन्नी," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे बाई मोठ्या बहिणीला तेच म्हणते. त्या मला सॉनसेंगनिम म्हणायच्या, म्हणजे टीचर. तीन वर्षांत मला कोणी त्या नावानं हाक मारली नव्हती. त्यांचं इंग्रजी तुकड्यातुकड्यांचं होतं. इथे मी ते सरळ मराठीत लिहिते आहे, पण त्यात दोन शब्दांच्या मध्ये थोडं थांबून वाचावं.

जानेवारीच्या शेवटी त्यांनी मला विचारलं, "टीचर, तुम्ही शिकागोपर्यंत गाडी चालवू शकता?"

त्यांच्या गावाकडच्या लोकांचं शिकागोला मंडळ होतं. चांद्र नववर्षानंतरच्या शनिवारी ते मोठं जेवण ठेवत, आणि त्या वर्षी ज्यांना सत्तर पूर्ण झाली त्यांचा सत्कार करत. म्हातारी माणसं व्यासपीठावर बसतात आणि मुलं, नातवंडं, धाकटी भावंडं सगळ्यांसमोर त्यांना जमिनीपर्यंत वाकून नमस्कार करतात. यंदा सत्कारात युनताईंचे मोठे भाऊ होते. त्यांना मूल नव्हतं. धाकटं भावंडही एकच, युनताई. वहिनींनी फोन करून बोलावलं होतं.

"मी जेवायला जाणार आहे," युनताई म्हणाल्या. "वाकायला नाही."

अकरा वर्षं त्या भावाशी बोललेल्या नव्हत्या. कारण मी विचारलं नाही. त्यांनीच सुई दोऱ्यात ओवत सांगितलं. त्यांची आई कोरियात आजारी पडली, भाऊ विमानानं गेला, आई वारली, सगळे विधी झाले, आणि तो शिकागोला परत आल्यावर त्यानं यांना फोन केला. "तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे मी इथे लोकांच्या पँटी लांबआखूड करत होते, आणि माझी आई नव्हती."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला घरातून निघायचंच होतं. त्याच आठवड्यात मला कॉलेजचं पत्र आलं होतं. रजा संपते आहे, जूनपासून रुजू होणार की राजीनामा देणार, ते अमुक बुधवारपर्यंत लेखी कळवावं. ते पत्र मी मिलिंदला दाखवलं नव्हतं. कणकेच्या डब्याखाली घालून ठेवलं होतं. दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, तुला जे योग्य वाटेल ते कर. आणि मग खरंच मला ठरवावं लागलं असतं. दिवसातून चार वेळा मी डबा उचलायची आणि परत ठेवायची. रात्री झोपेत माझे पाय हलतात, असं मिलिंद म्हणायला लागला होता.

*शनिवार, वाटेत*

सकाळी आठला निघालो. युनकाकांना शनिवारी दुकान बंद ठेवता येत नव्हतं. मिलिंदनं टायर बघितले, पाणी आणि फावडं डिकीत टाकलं, आणि "पोचलीस की फोन कर" म्हणाला. तो हात हलवत उभा होता तेव्हा मी आरशात बघायचं टाळलं.

युनताईंनी मागच्या सीटच्या हुकला एक लांब पिशवी टांगली होती. तिच्यात त्यांचा सणाचा पोशाख होता, हानबोक. फिकट जांभळा घेरदार घागरा आणि वर आखूड जाकीट. तो त्यांनी स्वतः शिवला होता, पंधरा वर्षांपूर्वी. पायाशी एक मोठी पिशवी होती, तिच्यात संत्री, भाताचे गोळे आणि माझ्यासाठी वेगळा डबा. मी मांसमच्छी खात नाही हे त्यांनी वहिनींनाही फोन करून सांगितलं होतं.

ॲन आर्बर मागे पडलं आणि बर्फ सुरू झालं. मोठं नव्हे, पण आडवं. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, मधूनच एखादं लाल कोठार, आणि पुन्हा पांढरं. नागपूरकडच्या सपाट मुलखातून गेलेल्या माणसाला हे सपाटपण ओळखीचं वाटायला हवं, पण तिथे शेताच्या कडेला एखादा तरी माणूस दिसतो. इथे दोन तासांत मला एकही माणूस जमिनीवर उभा असलेला दिसला नाही. मी बोटांनी स्टीअरिंगवर ताल धरला होता हे मला युनताईंनी माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा समजलं.

जॅक्सनच्या पुढे एका रेस्ट एरियात थांबलो. तिथून निघून वीस मिनिटं झाली असतील. मी आरशात बघितलं तर मागचा हुक रिकामा.

"ताई, पिशवी?"

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. "बाथरूममध्ये राहिली."

रेस्ट एरियात कपडे बदलून बघावेत, नीट बसतात का, म्हणून त्यांनी ती आत नेली होती.

"मागे जाऊ या."

"नको. जुना आहे. उशीर होईल."

"पंधरा वर्षांपूर्वी स्वतः शिवलेला आहे ना?"

त्या काचेतून बाहेर बघत राहिल्या. तेव्हा मला वाटलं की ती पिशवी विसरलेली नसावी. हानबोक नसला तर साध्या कपड्यांत व्यासपीठावर कोण जाईल, असा त्यांचा हिशेब असावा. मी पुढच्या एक्झिटला गाडी वळवली. बाथरूमच्या दाराच्या आत पिशवी जशीच्या तशी टांगलेली होती, आणि खालची फरशी पुसणाऱ्या बाईनं तिला पाणी लागू नये म्हणून खालचं टोक वर दुमडून ठेवलं होतं. त्यात आमचा पाऊण तास गेला.

कलामझूजवळ दोघींनी गाडीत बसून डबे उघडले. माझ्या डब्यात मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, पालक, तीळ घातलेला भात आणि कोपऱ्यात लालभडक कोबीची किमची होती. मी किमचीकडे हात नेला.

"टीचर," त्या म्हणाल्या, "त्यात एक गोष्ट आहे. सांगू की नको?"

मी हात मागे घेतला. "मासा?"

"माशाचं थोडं पाणी. सगळ्या किमचीत असतं. बाकीच्या बायका सांगत नाहीत."

मी भात आणि पालक खाल्ला. किमची त्यांनी खाल्ली, आणि मला संत्रं सोलून दिलं. नागपूरच्या माणसाला दुसरीकडचं संत्रं सहसा पटत नाही, मलाही पटलं नाही, पण मी सगळं खाल्लं.

*शनिवार, हॉलमध्ये*

जेवण शिकागोच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात, एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. तिथे घड्याळ एक तास मागे असतं, त्यामुळे वाटेत गेलेला वेळ भरून निघाला. आम्ही मोटेलात सामान टाकलं, कपडे बदलले. मी पैठणी नेसले होते. युनताईंनी माझ्या निऱ्या खाली बसून सारख्या केल्या, त्यांच्या धंद्याच्या सवयीनं. त्यांचा हानबोक त्यांना अजून अगदी नीट बसत होता.

साडेपाचला हॉल भरला होता. दोनशे-अडीचशे माणसं असतील. दारात नाव लिहून घेणारे काका, छातीवर लावायचे कागद, माइकमध्ये फुंकर मारून बघणारा तरुण, आणि पुढच्या टेबलांवर कोणी बसायचं यावरून हलक्या आवाजात चाललेला वाद. मला डेट्रॉइटच्या आमच्या महाराष्ट्र मंडळाचीच आठवण झाली. आमच्याकडे हे शाळेच्या जिममध्ये व्हायचं आणि जेवण ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये यायचं, एवढाच फरक. इथेही भाषणं लांबली. इथेही लहान मुलं आईवडिलांना इंग्रजीत उत्तरं देत टेबलांखालून पळत होती. दोन्ही देशांची राष्ट्रगीतं झाली. कोरियन राष्ट्रगीताला म्हाताऱ्या बायका डोळे मिटून गात होत्या, आणि अमेरिकन राष्ट्रगीताला मुलं त्यांच्यापेक्षा मोठ्यानं.

आमच्या टेबलावर वहिनी आल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, लगबगीच्या. त्यांनी युनताईंचे दोन्ही हात धरले. मग माझ्याकडे वळून चांगल्या इंग्रजीत म्हणाल्या, "टीचर, तुमच्या ताटात काय काय चालेल ते मी स्वयंपाकघरात सांगितलंय." आणि मला त्यांनी शिक्षकांच्या टेबलावर नेऊन बसवायचं ठरवलं. तिथल्या रविवारच्या कोरियन शाळेत शिकवणाऱ्या लोकांसाठी वेगळं टेबल होतं. मी युनताईंजवळच बसते म्हटलं, तरी ते टेबल सगळं उठून मला नमस्कार करायला आलं. एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "काय शिकवता?"

"फिजिक्स," मी म्हणाले. मग थांबले. 'शिकवत होते' म्हणायला हवं होतं.

व्यासपीठावर सहा जण बसले होते. पुढे बुटकी टेबलं आणि त्यांवर सफरचंदं, खजूर, चेस्टनट आणि तांदळाच्या रंगीत वड्या यांचे हातभर उंच मनोरे. आपल्याकडे साठीशांतीला होम आणि औक्षण असतं, इथे नमस्कार हाच सगळा विधी. एकेक नाव पुकारलं की त्या घरची माणसं वर जात, ओळीत उभी राहत, हात कपाळाशी नेऊन गुडघ्यांवर बसत आणि कपाळ जमिनीला टेकवत. मग मोठी माणसं छोट्या पेल्यात पेय ओतून घेत. देताना आणि घेताना उजव्या हाताच्या कोपराला डावा हात लावायचा. आपण तीर्थ घेताना उजव्या हाताखाली डावा धरतो तसं. ते पाहून मला इतकं घरच्यासारखं वाटलं की मीही नकळत तसा हात धरला.

युनताईंचे भाऊ पाचवे होते. उंच, सडपातळ, राखी रंगाचा हानबोक, केस पूर्ण पांढरे. आपल्या मोजणीनं त्यांना एकोणसत्तर व्हायची होती. त्यांच्याकडे जन्मल्याबरोबर एक वर्ष धरतात आणि दर नववर्षाला सगळ्यांचं एक वाढतं. शेजारी वहिनी.

नाव पुकारलं गेलं. मला तेवढंच समजलं, कारण युनताईंचं माहेरचं आडनाव त्यात होतं.

कोणी उठलं नाही. माइकवाल्या तरुणानं कागद पाहिला आणि पुन्हा नाव घेतलं. वहिनी आमच्या टेबलाकडे बघत होत्या. युनताईंची नजर पाण्याच्या ग्लासावर. त्यांची बोटं ग्लासाभोवती इतकी घट्ट होती की नखं पांढरी झाली होती. माझे पाय टेबलाखाली हलायला लागले. मला वाटलं की आपणच उठावं, पैठणी सावरत वर जावं आणि त्या माणसाला वाकून नमस्कार करावा. मला ते येत होतं, लहानपणापासून केलेलं होतं. पण तो नमस्कार माझा नव्हता. मी अर्धवट उठले आणि बसले.

मग त्या भावानंच हात किंचित वर केला आणि तरुणाला खूण केली. पुढचं घ्या. खूण करताना तो हसला. ते हसू मला अजून दिसतं. आपल्याच घरी आलेल्या पाहुण्याला काही कमी पडलं तर घरचा माणूस जसं हसतो, तसं.

सहावं नाव पुकारलं गेलं आणि चौदा माणसांचं कुटुंब वर गेलं.

जेवण आलं. माझ्या ताटात भोपळ्याची खीर, रताळ्याच्या शेवया, भाज्यांच्या पुऱ्या आणि तांदळाचं थंड गोड पेय होतं. बाकीच्यांसाठी मोठ्या ताटांत भाजलेलं मांस आलं. लकी ड्रॉ झाला, पहिलं बक्षीस सोलचं विमानाचं तिकीट, ते एका शाळकरी मुलीला लागलं आणि ती रडकुंडीला आली, कारण तिला तांदूळ शिजवायचा मोठा कुकर हवा होता, आजीसाठी. सगळे हसले. युनताई खात होत्या. सावकाश, एकेक घास पुष्कळ वेळ चावत.

शेवटी भाऊ टेबलांमधून फिरत पाहुण्यांना भेटायला लागले. आमच्याकडे आले. मला इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही टीचर. एवढ्या बर्फातून आलात, आभारी आहे." मग बहिणीकडे न बघता, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून कोरियन भाषेत एक वाक्य बोलले. युनताईंनी मान वर केली नाही. ते पुढे गेले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"वाटेत रस्ता निसरडा होता का, म्हणाला."

आठ वाजता आम्ही मोटेलात होतो. मी मिलिंदला फोन केला. जेवण कसं झालं, त्यानं विचारलं. छान, मी म्हटलं. आणखी काय? काही नाही. मी फोन ठेवला आणि खोलीत खिडकीपासून दारापर्यंत चालत राहिले. युनताई पलंगावर बसून त्यांच्या जाकिटाची गाठ सोडत होत्या, आणि ती सुटत नव्हती.

*रविवार*

सकाळी वहिनींचा फोन आला. निघण्याआधी सूप प्यायला या. नववर्षाचं सूप प्यायल्याशिवाय वय वाढत नाही, असं म्हणतात त्यांच्यात. युनताईंनी आम्हाला उशीर होतोय असं सांगून फोन ठेवला.

सामान गाडीत टाकलं. पार्किंगमधून बाहेर पडताना रस्त्याला डावीकडे हायवे होता. उजवीकडे, वहिनींनी आदल्या दिवशी माझ्या हातात दिलेल्या पत्त्याप्रमाणे, दोन मैलांवर घर होतं. मी सिग्नलला थांबले.

"ताई, कुठे वळू?"

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी तशीच थांबले. त्या क्षणी मला स्वतःचाच राग आला, कारण मीही घरी नेमकं हेच करत होते, आणि मागून कोणी हॉर्न देत नव्हतं इतकंच.

"सूप," युनताई म्हणाल्या.

घर विटांचं, लहान होतं. दारात बूट काढून आत गेलो. भाऊ जुना तपकिरी स्वेटर घालून स्वयंपाकघरात खुर्च्या मांडत होते. वहिनींनी माझ्यासाठी समुद्रातल्या शेवाळाच्या आणि मशरूमच्या पाण्यात वेगळं सूप केलं होतं, तांदळाच्या पातळ चकत्या घातलेलं. आम्ही चौघं बसलो.

मग भाऊ बोलायला लागले. चमचा खाली न ठेवता, वाटीत बघत. मला एक अक्षर कळत नव्हतं. एवढंच दिसलं की वाढायला उठलेल्या वहिनी पळी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. नंतर समजलं की त्याही ते पहिल्यांदाच ऐकत होत्या. भाऊ थांबत, पुन्हा सुरू करत. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, सुनजा. ते युनताईंचं नाव. युनताई आधी भिंतीकडे बघत होत्या. मग हळूहळू त्यांचं तोंड भावाकडे वळलं, आणि मग त्यांनी एक प्रश्न विचारला. भावानं मान हलवली, हो. युनताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. हो.

युनताई उठल्या. त्यांनी जीन्स आणि जाड मोजे घातले होते. बाहेरच्या खोलीत गेल्या आणि भावाला हाक मारली. पहिल्यांदाच मी तो शब्द ऐकला, ओप्पा. दादा. ते आले आणि काय करावं न समजून सोफ्याच्या कडेवर बसले. युनताईंनी हात कपाळाशी नेले, गुडघे टेकले आणि कार्पेटवर पूर्ण वाकल्या. बराच वेळ तशाच राहिल्या. भाऊ उठून त्यांना धरायला लागले तेव्हा युनताईंनी त्यांच्या दंडावर एक चापट मारली, चांगली जोरात, आणि रडायला लागल्या. वहिनी आणि मी स्वयंपाकघरात परत आलो. वहिनींनी मला न विचारता माझी वाटी पुन्हा भरली आणि मी ती संपवली.

*परतीच्या वाटेवर*

इंडियाना ओलांडेपर्यंत युनताई झोपल्यासारख्या होत्या. मिशिगनची हद्द लागली आणि त्यांनी सांगितलं.

आईला शेवटच्या दिवसांत दिसत नव्हतं आणि नीट कळतही नव्हतं. भाऊ पोचला तेव्हा तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, सुनजा, आलीस? त्यानं सांगितलं, मी आहे, तुझा मुलगा. तिला ते पोचलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, सुनजा, आलीस? तिसऱ्या दिवशी त्यानं उत्तर दिलं, हो, आले. मग चार दिवस तो सुनजा होऊन आईजवळ बसला. आई त्याला मुलीला सांगायच्या गोष्टी सांगत राहिली. ती गेली तेव्हा तिला वाटत होतं की मुलगी जवळ आहे.

"आधी मला फोन केला असता तर मी निघाले असते," युनताई म्हणाल्या. "पोचायला तीन दिवस लागले असते. त्याला भीती वाटली, की मी फोनवर बोलेन आणि आईला समजेल की मी तिच्यासमोर नाही. आणि नंतर लाज वाटली. एकुलता एक मुलगा, आणि आईनं त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. हे तो कोणाला सांगणार?"

"म्हणून अकरा वर्षं?"

"पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर सोपं होतं. मग दर वर्षी अवघड होत गेलं."

थोड्या वेळानं मी विचारलं, "माफ केलंत त्यांना?"

त्यांनी विचार केला. "नाही. पण आता कशाबद्दल रागवायचं ते नीट समजलं."

बर्फ थांबलं होतं, रस्ता कोरडा होता. मी ताशी ऐंशी मैलांच्या वेगानं जात होते हे पाहून हळू केलं. आणि मग मी त्यांना कॉलेजच्या पत्राबद्दल सांगितलं. कणकेच्या डब्याबद्दलही. मिशिगनमध्ये, हायवेवर, एका कोरियन बाईला मी माझ्या तोडक्या वाक्यांत सांगत होते, कारण त्यांना समजावं म्हणून मीही तुकड्यातुकड्यांनीच बोलत होते.

"नवऱ्याला माहीत आहे?"

"नाही."

दुकानापाशी उतरताना युनताईंनी जांभळ्या हानबोकची पिशवी खांद्यावर टाकली, गाडीच्या खिडकीत वाकल्या आणि म्हणाल्या, "सॉनसेंगनिम, आज."

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. मिलिंद पोहे करत होता. मी कणकेचा डबा उचलला, पत्र काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं गॅस बंद करून वाचलं. तारीख वाचली.

"तीन आठवडे झाले याला."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

मी कारण सांगितलं. जे वर लिहिलंय तेच, दुसरं काही नव्हतं. ते तेव्हाही फार चांगलं कारण वाटलं नाही.

"तू विचारते आहेस की ठरवलं आहेस?"

"ठरवलंय," मी म्हणाले. ते मला स्वतःलाही तेव्हाच समजलं. "मला शिकवायचंय. जूनमध्ये जाते."

त्याचा चेहरा उतरला. पोहे तसेच ठेवून त्यानं जाकीट घातलं आणि खाली गेला. खिडकीतून मी पाहिलं, तो आमच्या दारापुढच्या वाटेवरचं बर्फ काढत होता. ते सकाळीच कोणीतरी काढलेलं होतं. तो खालचा बर्फाचा पातळ थर खरवडत होता. थोडा वेळ मी बघत राहिले, मग माझा जाड कोट घातला, गाडीच्या डिकीतून दुसरं फावडं काढलं आणि त्याच्या शेजारी उभी राहून खरवडायला लागले. रस्त्यापर्यंत आम्ही खरवडत गेलो. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"जूनमध्ये नागपूरला चव्वेचाळीस असतं," तो म्हणाला.

"माहितीय."

तो फावड्यावर रेलून उभा राहिला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "मग हा कोट इथेच ठेवून जा," तो म्हणाला. "येशील तेव्हा लागेल."

मंगळवारी त्यानंच ऑफिसातून माझं पत्र फॅक्स केलं. जूनमध्ये मी आले, पुन्हा शिकवायला लागले, आता वर्गात समोर साठ मुलं असतात आणि त्यांतली निम्मी झोपलेली असतात. मिलिंद मार्चमध्ये येतो, मी दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाते. पुढच्या वर्षी तो इकडे येईल किंवा मी तिकडे जाईन, यावर आमचं दर रविवारी फोनवर बोलणं होतं आणि अजून काही नक्की झालेलं नाही. कोट तिकडेच आहे.